आदेश कानाआड करणारा हात

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात, घडी खात्याच्या टेबलावर आम्ही एसओ-101 हा सहा सर्व्होंचा (कोन सांगितला की तिथे वळणाऱ्या छोट्या मोटरींचा) रोबोटिक हात बसवला होता. सांगितलेल्या रंगाचा नॅपकिन उचलून टोपलीत टाकायचा, एवढंच काम. एक कॅमेरा वर, एक मनगटावर. हात चालवणारं एआय मॉडेल स्मोलव्हीएलए, सुमारे 45 कोटी पॅरामीटर्सचं (म्हणजे ट्रेनिंगमध्ये ठरणाऱ्या आकड्यांचं): चित्र आणि वाक्य घेतं, सांध्यांच्या हालचाली देतं. हात स्वतः चालवून दाखवत लाल नॅपकिनची 50 आणि निळ्याची 50 रेकॉर्डिंग घेतली, त्यांवर ट्रेनिंग केलं. चाचणीत दोन्ही रंग झकास उचलले.

मालकांसमोर मात्र दोन्ही नॅपकिन एकदम मांडले आणि निळा उचलायचा आदेश इंग्रजीत टाइप केला. लाल जवळ होता, हाताने तोच उचलला. जागांची अदलाबदल करून लाल मागितला, तर निळा आला. शेवटी आदेशाची ओळ रिकामी ठेवली. हात तरीही तस्साच चालला! शब्दांचा हालचालीशी संबंधच उरला नव्हता.

घडी घालणाऱ्या मावशी शेजारून बघत होत्या. म्हणाल्या, "निवडायला दिलंच नाही की वो तुम्ही त्याला."

अगदी नेमकं. आमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये टेबलावर एकच नॅपकिन होता. चित्रातच उत्तर असल्यावर मॉडेल वाक्याकडे कशाला बघेल? या मॉडेलमध्ये वाक्य आणि चित्र समजून घेणारा भाग गोठवलेला असतो, म्हणजे ट्रेनिंगमध्ये बदलत नाही; शिकतो तो हालचालींचा भाग. वाक्य पाहिल्याशिवाय चूक होईल, अशी वेळ त्याच्यावर ट्रेनिंगमध्येच यावी लागते.

मग रेकॉर्डिंग जोड्यांनी घेतली. दोन्ही नॅपकिन टेबलावर, मांडणी तीच, आदेश मात्र एकदा लालचा, एकदा निळ्याचा. अशा 50 मांडण्या, दर वेळी जागा बदलून. रिकाम्या आदेशाची चाचणी आता आम्ही सगळ्यात आधी घेतो.

नव्या ट्रेनिंगनंतर रंग चुकणं थांबलं. तरी पंख्याच्या वाऱ्याने नॅपकिनची कड हलली की पकड हुकायची, कारण मॉडेल एका नजरेत पुढच्या 50 हालचाली ठरवतं. सेकंदाला 30 धरल्या तर दीड सेकंदाहून जास्त वेळ हात जुन्याच चित्रावर चालतो. दर 10 हालचालींनंतर पुन्हा बघायला लावलं, तेव्हा पकड बसली. टेरीच्या फासात पकडीचं टोक अडकून दोन नॅपकिन एकत्र येतात, ते अजून सुटलेलं नाही.