पातं निघतं का?

"अक्का, येताना तुझ्याकडं हाय तसलं मटण कापायचं मशीन आन की." मार्चमध्ये सोलापूरहून धाकट्या भावाचा फोन आला. मी विचारलं, "कापणार काय आहेस त्याच्यावर?" तो गडबडला. "मटणच की. आजून काय?"

त्या 'मटणच की'मुळे आज लिहायला बसले आहे. सध्या मी सुट्टीला घरी, जुळे सोलापुरात आहे. मशीन, म्हणजे मांसाचे, ब्रेडचे पातळ काप काढणारा घरगुती स्लायसर, आणलंय, ओट्यावर मांडलंय, आणि तीन आठवड्यांत गल्लीतल्या निम्म्या बायका ते बघून गेल्यात. बहुतेकींना वाटतं, खाटकाचं काम आता घरातच होणार. तसं होत नाही, आणि पैसे घालण्याआधी हे कळलेलं बरं.

आपल्याकडे मटण म्हणजे हाडासकट. नळी, चाप, काळ्या तिखटाचा लालकाळा रस्सा आणि त्यात चुरलेली कडक भाकरी. त्या मटणाला खाटकाचा सत्तूर आणि चिंचेच्या लाकडाचा ओंडकाच पाहिजे. घरगुती स्लायसरचं पातं पातळ असतं. हाड लागलं की धार गेली म्हणून समजा, आणि तुकडा उसळून हाताला लागायची भीती वेगळीच. घरात फक्त रश्श्याचंच मटण होत असेल तर हे मशीन घेऊच नका.

मी अकरा वर्षं जर्मनीत राहते, श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात. तिकडे संध्याकाळचं जेवण बहुतेक घरांत थंडच असतं: ब्रेड, चीज, हॅम, काकडी. ब्रेडही अख्खा आणतात, कडक पापुद्र्याचा, आणि लागेल तसा कापतात. म्हणून या यंत्राला तिथे 'आलेसश्नायडर' म्हणतात, म्हणजे सगळं कापणारं. आपल्याकडे मिक्सर तसं तिकडे हे. मांसाच्या दुकानात भाव १०० ग्रॅमचा लावलेला असतो, आणि काउंटरवरची बाई 'किती जाड?' असं विचारते. 'हाउखड्यून' म्हटलं की ती इतके पातळ काप काढते की कागदावरची अक्षरं त्यातून दिसावीत. हाउख म्हणजे फुंकर, श्वास. श्वासाइतकं पातळ. हा शब्द मला फार आवडतो.

माझ्या मुलाला शाळेच्या डब्यात ब्रेडमध्ये थंड चिकन लागतं. पाकिटातले तयार काप महाग, खारट आणि बेचव. मग मी घरीच करायला लागले. चिकनच्या छातीचा मोठा बिनहाडाचा तुकडा घ्यायचा, त्याला लसूण, मीठ, लिंबू आणि सोलापूरहून नेलेलं काळं तिखट चोळून रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये पूर्ण शिजवायचं आणि गार करून फ्रिजमध्ये पुन्हा एक रात्र. सकाळी दोन मिलिमीटरचे काप. वरून शेंगाचटणी भुरभुरली की मुलगा डबा रिकामा करून आणतो. सुरीने हे काप होत नाहीत. कितीही धार असली तरी चिकन विस्कटतं, एक काप जाड, एक फाटका.

पहिलं मशीन मी घाईत घेतलं, स्वस्तातलं, सुपरमार्केटच्या ऑफरमध्ये. त्याचं अंग प्लॅस्टिकचं होतं. मांस टेकवायची पट्टी थोडं दाबलं की मागे वाकायची, त्यामुळे काप एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड निघायचा. तरी तेही मी चालवून घेतलं असतं. पण दोन आठवड्यांनी ओट्याजवळ वास यायला लागला. पुसून पुसून दमले. शेवटी टॉर्च मारून पाहिलं तर पात्याच्या मागे, जिथे बोट पोचत नाही तिथे, चिकनचा करडा चिखल साठलेला. पातं निघतच नव्हतं, पक्कं बसवलेलं होतं. मुलाचा डबा मी याच्यावर कापत होते, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

त्याच मशीनवर माझं बोटही कापलं. शेवटचा तुकडा उरला होता, तो ढकलायची टोपी सिंकमध्ये पडलेली, म्हटलं एवढ्यासाठी कुठे धुवायची. तीन टाके पडले. आजही थंडीत उजव्या अंगठ्याचं टोक बधिर होतं.

त्यानंतर आई तिकडे आली. दुसरं मशीन बघायला मी तिला दुकानात घेऊन गेले. विक्रेता मोटारीबद्दल, वॅटबद्दल भरभरून सांगत होता, मी भाषांतर करत होते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पातं निघतं का? धुवायचं कसं?"

मी थक्क झाले. मग लक्षात आलं, ती आयुष्यभर विळीवर बसलेली बाई आहे. सुरीत हत्यार हलतं आणि भाजी जागेवर असते. विळीत उलटं, पातं जागचं हलत नाही, भाजी त्याच्याकडे जाते. स्लायसरही तसाच. पातं जाग्यावरच फिरतं, आपण मांस त्याच्याकडे सरकवतो. हाताचं वळण तेच, नजर तीच. कांद्याचं शेवटचं बूड आई कधी विळीवर घेत नाही, बाजूला ठेवते. मशीनवर ती टोपी त्याच शेवटच्या बुडासाठी असते. १८९८ साली रॉटरडॅमच्या विल्हेल्म व्हान बर्केल या खाटकाने फिरतं गोल पातं आणि मांस ठेवायचा सरकता गाडा असलेल्या यंत्राचा कारखाना काढला, तोवर आपल्याकडे घरोघरी बायकांना हे वळण अवगत होतं. म्हणून मला मनापासून वाटतं, विळी येणाऱ्या बाईने या मशीनला अजिबात घाबरू नये.

तर पहिली गोष्ट पातं. दुकानातच ते काढून दाखवायला सांगा, आणि नुसतं बघू नका, स्वतः काढा. माझ्या आताच्या मशीनचा मधला खटका नाण्याने अर्धा फिरवला की पातं हातात येतं. मागची पोकळी उघडी पडते, ओल्या फडक्याने सगळीकडून पुसता येते. गाडाही निघतो, टोपीही. त्याला पाच मिनिटं लागतात. जे मशीन साफ करायला वीस मिनिटं लागतात ते महिन्याभरात माळ्यावर जातं.

मग धार. पाती दोन प्रकारची येतात, दातेरी आणि सपाट धारेची. मशीनबरोबर सहसा दातेरी मिळतं, कारण तिकडे ब्रेड कापायचा असतो. ते पापुद्रा चांगला फोडतं, पण मांसावर तेच दात धागे ओढतात, कडा झिरमिळ्या होतात आणि चुरा पडतो. मांस आणि चीजसाठी सपाट धारेचं पातं वेगळं विकत मिळतं. ते घ्याच. मशीनवर थोडे कमी पैसे खर्च झाले तरी चालतील, पण हे पातं सोडू नका. भावासाठी मी दोन सपाट पाती आणली, कारण सोलापुरात गल्लीत येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर हे पातळ पातं दिलं तर त्याची गोलाईच बिघडेल. दातेरी पात्याला तर घरी धार लावताच येत नाही.

घरगुती पात्याचा व्यास साधारण १७ सेंटीमीटर असतो. म्हणून १७ सेंटीमीटर उंच तुकडा कापला जाईल असं समजू नका, आसाचा आणि गाड्याचा भाग त्यातून वजा होतो. मी कागदाची पट्टी कापून तुकड्याच्या मापाने दुकानात नेली आणि लावून पाहिली.

अंग धातूचं असावं. टेकवायची पट्टी दोन बोटांनी दाबून बघा, जरा जरी वाकली तर ते मशीन सोडून द्या. जाडीची चकती शून्यावर आणली की पट्टी धारेच्या रेषेत यायला हवी, म्हणजे मशीन बंद असताना धार उघडी राहत नाही. चालू करायला एकाच वेळी दोन बटणं दाबावी लागत असतील तर लहान मुलांच्या घरात ते फार मोलाचं आहे. मोटारीवर मी फार वेळ घालवत नाही. माझं मशीन ६५ वॅटचं आहे आणि शिजवून थंड केलेल्या मांसाला ते पुरेसं आहे. मात्र घरगुती मशीन सलग चालवायचं नसतं. माझ्या मशीनवर ५ मिनिटं अशी खूण आहे, त्यानंतर गार होऊ द्यायचं. लग्नकार्याचं काम यावर काढू नका. हॉटेलांसाठी २५ ते ३० सेंटीमीटर पात्याची मोठी मशीनं आपल्याकडेही मिळतात, पण ती फार जड, घरच्या ओट्याची नव्हेत.

वीज तिकडेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे जर्मनीहून आणलेलं मशीन इथे सरळ चालतं. अमेरिकेहून आणणाऱ्यांनी मात्र विचार करावा, तिकडचं १२० व्होल्टचं मशीन इथल्या सॉकेटात घातलं तर जळेल. माझ्या मशीनची पिन बारीक आणि गोल. आपल्या सॉकेटात जाते पण ढिली बसते, ठिणगी उडते, म्हणून अॅडॉप्टर लावला. विमानात पातं हातातल्या बॅगेत चालत नाही. पुठ्ठ्यात गुंडाळून, चिकटपट्टी मारून, मोठ्या सामानात टाकलं.

आता कापायचं कसं. भावाने पहिल्याच दिवशी उत्साहात ताजं बिनहाडाचं मटण लावलं. ते लिबलिबीत, पात्याला चिकटलं, फाटलं. कच्चं मांस आधी फ्रीजरमध्ये पाऊणएक तास घट्ट होऊ द्यायचं. वरून टणक लागावं, पण बोटाने दाबलं तर किंचित दबावं. पूर्ण दगड झालेलं मात्र कधीच लावायचं नाही. धागे कुठल्या दिशेने जातात ते बघून त्यांना आडवं कापायचं, म्हणजे काप मऊ लागतो. जोर लावायचा नाही. गाडा सावकाश पुढे, सावकाश मागे. आईच्या हाताला हे पहिल्या फेरीतच जमलं, भावाला आठवडा लागला.

कच्चं आणि शिजलेलं आलटूनपालटून कापायचं नाही. आधी शिजलेलं, मग कच्चं, आणि त्यानंतर पातं उतरवून गरम साबणाच्या पाण्याने धुणं. पुसताना फडकं मधून कडेकडे न्यायचं, कडेवरून फिरवायचं नाही. वायर आधी काढायची, हे आई दर वेळी मोठ्याने म्हणते आणि मी तिला म्हणू देते. पातं आणि अॅल्युमिनियमचे भाग भांडी धुवायच्या मशीनमध्ये घातले तर अॅल्युमिनियम काळं पडतं आणि धार जाते. कोरडं केल्यावर पातं फिरवणाऱ्या मागच्या दातेरी चाकाला बोटभर व्हॅसलीन.

एवढा आग्रह का, तर लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतसुद्धा वाढतो. पात्यामागे राहिलेल्या कणांतून तो पुढच्या प्रत्येक कापात जातो. गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं यांना तो सगळ्यात घातक. माझी भावजय पाच महिन्यांची गरोदर आहे. या घरात त्या मशीनवर मी साफसफाईत काडीची सवलत देत नाही.

आणि सोलापूरचा मे. तिकडे मी अख्खा तुकडा कापून निवांत डबे भरते. इथे दुपारी पारा ४० च्या वर, स्वयंपाकघरात तर भट्टीच. ३२ अंशांच्या वरच्या उकाड्यात शिजलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, हा नियम मी इथे फार कडक पाळते. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, फ्रिजमधून निम्मा तुकडा काढायचा, दहा-बारा काप, लगेच डब्यात, डबा फ्रिजमध्ये. कापलेलं दोन-तीन दिवसांत संपवायचं. वीज गेली तर त्या दिवशी कापायचंच नाही.

परवा शेजारच्या चाची आल्या होत्या. चाळीस वर्षं आमच्या घरात बकरी ईदचे पसंदे त्यांच्याकडूनच येतात. त्यांनी मशीन सगळीकडून न्याहाळलं, मग भावाला म्हणाल्या, "रानाचा गोश्त देती, पसंदे काटके दे." मांडीचा बिनहाडाचा तुकडा आम्ही पाऊण तास गार केला आणि चकती सहा मिलिमीटरवर लावली. काप एकसारखे पडत गेले. चाचींनी पहिला काप तळहातावर घेऊन उजेडात धरला, अंगठ्याने दाबला आणि मान हलवली. "ठीक है. लेकिन कूटूंगी मैं हाथसेच." वरवंटा त्या घरून घेऊनच आल्या होत्या.

शेवटचा तुकडा आईने टोपीखाली घेतला. नंतर तिने पातं उतरवलं, धुतलं, आणि विळीशेजारी भिंतीला टेकवून वाळत ठेवलं.