रेडिओचा व्हॉल्व्ह बल्ब नसतो, हे काउंटरवर पटवताना: माझा अनुभव

आबांचा जुना रेडिओ कानबाईच्या रोटांआधी (हा आमच्या खानदेशातला सण) बोलता करायचा, असं आम्ही अमळनेरला ठरवलं. त्यातला ईसीएच ८१ हा व्हॉल्व्ह, म्हणजे बल्बसारखी दिसणारी काचेची नळी, गेला होता. जळगाव-धुळ्यात मिळाला नाही, म्हणून परदेशातून मागवला. तिथवर सगळं झटपट झालं.

पार्सल जकातीत अडकलं. कागदावर ‘काचेचा बल्ब’ लिहिलेलं, बिलावर व्हॉल्व्ह. ज्या कचेरीतून ते सुटायचं, तिथे रोज नवं उत्तर. साहेब नाहीत, फोटो आणा, उपयोग लिहून द्या. काउंटरवरचे भाऊ तर म्हणाले, “हाऊ बल्बच शे ना!” संताप आला, अजून येतो. जकातीच्या यादीत बल्ब ८५३९ खाली येतो, व्हॉल्व्ह ८५४० खाली. ती यादी त्यांच्याच समोर होती!

शेवटी अर्जाच्या पाठीमागे चित्र काढून दिलं. हवा काढून घेतलेली काच. मधोमध निकेलची नळी, तिच्यावर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप. नळीतली तार ६.३ व्होल्टवर तापते, लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या प्लेटकडे धावतात. वाटेत बारीक तारेची जाळी असते. पांझरा नदीच्या पाण्यावरच्या शेतात, म्हणजे फडात, पाटाची फळी थोडी खालीवर केली की पाणी कमीजास्त होतं, तसंच जाळीवरच्या जराशा व्होल्टेजने प्लेटचा प्रवाह बदलतो. १९०४ मध्ये फ्लेमिंग यांनी बल्बसारख्या काचेत प्लेट घालून वीज एकाच दिशेने जाऊ दिली, हे खरं. पण पुढे दोनेक वर्षांत ली द फॉरेस्ट यांनी जाळी बसवली आणि क्षीण संदेश मोठा करता येऊ लागला. बल्ब हे काम करतो का? माझ्या व्हॉल्व्हमध्ये तर एकाच काचेत ट्रायोड (एका जाळीचा) आणि हेप्टोड (पाच जाळ्यांचा) दोन्ही आहेत.

ते चित्र, काचेवर छापलेल्या नंबराचा फोटो आणि ‘८५४०’ असं ठळक लिहिलेला अर्ज साहेबांपर्यंत गेला तेव्हा पार्सल सुटलं. तुम्ही मागवणार असाल तर पाठवणाऱ्याला आधीच ‘रेडिओचा व्हॉल्व्ह, ८५४०’ असं लिहायला सांगा.

हातात आल्यावर काचेच्या आत चंदेरी डाग बघा. तो बेरियमचा, उरलीसुरली हवा शोषणारा. पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, लावूच नका. आणि हो, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) दोन-अडीचशे व्होल्ट राहू शकतात. ते उतरवल्याशिवाय आत हात घालायचा नाही. रेडिओच्या मागे व्होल्टेज निवडायची सोय असेल तर ती २४० वर ठेवा.

रोटांच्या दिवशी रेडिओ बोलला. आबांनी सुई स्वतः फिरवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

पिना वाकड्या असल्या तर सॉकेटमध्ये रेटू नका, आधी हलक्या हाताने सरळ करा. बुडाशी काचेला तडा गेला की व्हॉल्व्ह संपला, आणि पुन्हा त्याच काउंटरवर उभं राहावं लागेल.