फैजपूर ते मुक्ताई, पायी

मागच्या माघात गावातल्या दिंडीसोबत मुक्ताईला, म्हणजे कोथळीच्या संत मुक्ताबाईच्या देवळाला, चालत गेलो. आषाढीची नाही हां, ती पालखी कोथळीहून निघते आणि महिनाभर चालून पंढरपूरला पोचते, एवढी सुट्टी आपल्याला कोण देतं! ही वद्य एकादशीच्या यात्रेची, दोन दिवसांची.

निघायच्या आधी तात्यांनी फैजपुरात थांबवलं. म्हणे इथंच 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष, गांधीजी आलेले, आणि चित्रकार नंदलाल बोसांनी सगळी सजावट बांबू नि गावातल्याच सामानाची केली होती. इथले कार्यकर्ते धनाजी नाना चौधरी राबले, साने गुरुजी त्यासाठी गावोगाव हिंडले. मी शाळेत हे एका मार्कासाठी पाठ केलेलं, आणि रोज त्याच गावावरून बाईकने जातो, कधी डोक्यातच आलं नाही.

पुढं दोन्ही बाजूंना केळीच केळी. तिथं शॉर्टकट मारायला गेलो आणि पांढऱ्या सदऱ्याला चीक लागला. आधी पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळपट पडतो आणि मग कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. मागून एक आजी हसली, "नवीन दिसतो रे बापू."

मग आजीसोबतच चालत राहिलो. वय ऐंशीच्या जवळ, पायात रबरी चप्पल आणि स्पीड माझ्यापेक्षा जास्त. टाळकरी ताटीचे अभंग म्हणत होते, रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानोबाला मुक्ताई दार उघडायला सांगते ते. आजी मधेच म्हणाली, "आमच्या बापाले तर ईठोबाचंच दार बंद होतं." तिचा बाप दर साल पंढरपूरला जायचा, महाद्वारासमोर चोखोबाच्या समाधीला डोकं टेकवायचा, कळस बघायचा आणि तसाच माघारी. शेकडो किलोमीटर चालून कळस!

अमळनेरच्या शाळेत सहा वर्षं मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी ते दार उघडावं म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषणाला बसले, दहाएक दिवसांनी सोडलं, मंदिर हरिजनांना उघडायचं ठरलं तेव्हाच. आम्हाला गुरुजी म्हणजे रडवणाऱ्या गोष्टी लिहिणारे एवढंच माहीत. आजीला तारीख-बिरीख काही ठाऊक नव्हती. बाप पहिल्यांदा आत गेला तेव्हा पायावर डोकं ठेवून उठेचना, मागच्यांनी ढकललं, एवढंच तिला घरात ऐकलेलं माहीत.

मुक्कामाला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, केळीच्या पानावर. बट्टी कुस्करून वर तूप, पंगतीत आजी माझ्या शेजारीच. तिसरी बट्टी घेतली आणि रात्रभर पश्चात्ताप झाला, पायाला फोड होताच.

दुसऱ्या दिवशी चांगदेव गावाला तापी-पूर्णेचा संगम. चौदाशे वर्षांचा योगी म्हणवणारे चांगदेव पोरवयाच्या मुक्ताईचे शिष्य झाले म्हणतात, आणि तीच मुक्ताई 1297 मध्ये इथंच तापीकाठी विजेच्या लोळात गुप्त झाली. तात्या हे सांगायला लागले की त्यांचा आवाज बसतो, दरवर्षी.

कोथळीला दर्शनाची लाईन लांबच लांब. आजीने चप्पल काढून पिशवीत टाकली, उंबऱ्यावर हात ठेवला नि थोडा वेळ तसाच ठेवला, मागचे पुढं सरका म्हणून ओरडत होते. मग मागं वळून माझ्या सदऱ्याकडं बघत म्हणाली, "नाही ना निघाला चीक?"