तुम्ही विचारलंत म्हणून: शंभरातले किती पोचतात?

"मी शंभर रुपये दिले तर मुलांपर्यंत नक्की किती पोचतात?" लग्नात, ट्रेनमध्ये, शाळेच्या ग्रुपवर, जिथे जावं तिथे हेच विचारतात, कारण मी कुपोषित मुलांसाठी काम करणारी संस्था चालवतो. आणि लगेच पुढचा, "म्हणजे तुम्ही पगार घेता?" हो, घेतो. मला घर आहे.

मोखाड्याच्या पाड्यावर आमच्या संस्थेची ताई चालत जाते, मुलाच्या दंडाला पट्टी लावते, 11.5 सेंटीमीटरच्या खाली आलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, मग त्या आईला दवाखान्यात न्यायला तीच सोबत जाते. तिचं मानधन तुमच्या हिशोबात पोचलेलं धरायचं की नाही ते तुम्हीच सांगा. पूर्वी मीही मीटिंगमध्ये छाती काढून सांगायचो, आमचा अॅडमिन खर्च अगदी कमी! तेव्हा टाळ्या मिळायच्या. चूक होती ती, लोकांना तीच सवय आम्ही लावली.

सप्टेंबर 2020 ला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला. परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसरीला द्यायचा नाही, अॅडमिनची मर्यादा 50 वरून 20 टक्के. आमची स्वतःची एफसीआरए नोंदणी नव्हतीच, मोठ्या संस्थेकडून यायचं ते थांबलं. सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी देणारे, वजनकाटे द्यायला तयार होते, लोगोसकट, पण मानधन? "सॉरी, तेवढं नाही बसत."

त्याच सुमारास 12ए, 80जी, म्हणजे आयकर सवलतीच्या नोंदण्या, सगळं नव्याने करायचं होतं. अकाउंटंट गेला असता तर संस्थाच गेली असती. म्हणून त्याला ठेवलं आणि ताईंना थांबवलं. निर्णय माझाच.

सांगायला मी स्वतः गेलो. ताईंनी चहा ठेवला, मी बोलत राहिलो, कायदा वगैरे, त्यांनी मध्येच उठून आतून रजिस्टर आणलं, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं, वर काटा आणि पट्टी. म्हणाल्या, "सर, वरच्या पाड्यावरची दोन लाल आहेत, सोमवारी कोण जाणार?" मी म्हटलं अंगणवाडीत कळवतो. कळवलंही. पण अंगणवाडी खाली आहे आणि पाडा वर, हे त्यांना माहीत होतं, मलाही. पैशाचं त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. चहा तसाच राहिला.

परदेशी पैशावर कुणाची नजर नको असं मी म्हणत नाही, हिशोब मागा, पै न पै दाखवतो. पण अकाउंटंटला ठेवलं ते बरोबर होतं का, हे मी स्वतःला कितीदा पटवलं आणि कितीदा खोडलं, मोजदाद नाही. यंदाच्या प्रपोजलमध्ये मानधनाची ओळ परत टाकलीय. कालच मेल आला, ही ओळ कमी करता येईल का.