कॅसेटींचा डबा घेऊन इंदूरला

घरात जुन्या कॅसेटी पडून आहेत, त्यांतले आवाज वाचवायचे आहेत आणि त्या निमित्ताने थोडं भटकायचंही आहे, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. इंदूरच्या सुदामानगरात राहणाऱ्या आमच्या आत्याकडे कपाटाचा एक अख्खा खण कॅसेटींनी भरलेला आहे. आतोबांना रेकॉर्डिंगचं वेड होतं. गणेशोत्सवातल्या मैफली, मंगळागौरीची गाणी, पाहुण्यांच्या गप्पा, जे कानावर पडेल ते त्यांनी टेपवर घेतलं. आत्या फोनवर म्हणाली, "डेक बंद पडलाय, आणि मुलं म्हणतात फेकून दे. तू येऊन बघ एकदा." म्हणून गेलो.

मुंबईहून येणाऱ्यांना अवंतिका एक्सप्रेस सोयीची. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी बसायचं, सकाळी इंदूर. पुण्याहूनही थेट गाडी आहे. तुमच्या कॅसेटी सोबत आणणार असाल तर स्टेशनवरच्या क्ष-किरण यंत्राला घाबरू नका, चुंबकीय टेपला त्याने काही होत नाही. भीती दोन गोष्टींची: ऊन आणि लोहचुंबक. मोटारीच्या मागच्या काचेपाशी ठेवलेली कॅसेट उन्हाळ्यात वाकडी होते, आणि स्पीकरला टेकवून ठेवलेल्या कॅसेटचा आवाज हळूहळू पुसट होत जातो. निघण्यापूर्वी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या जिभा तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

दुरुस्तीसाठी जेल रोड. आता तो बाजार बहुतेक मोबाइलवाल्यांचा आहे. "कॅसेट डेक" म्हटलं की काउंटरवरची पोरं हसतात. त्यांच्याशी वाद घालू नका, दुकानातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा. असंच विचारत विचारत एका जिन्याखालच्या टेबलाशी पोचलो. कारागीर मराठी निघाले, इंदुरात तिसरी पिढी. डेक उघडून म्हणाले, "हेड चांगलं आहे, बेल्ट गळून गेला. दोन दिवस द्या, उगाच घाई नका करू." हेड म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग. आतला रबरी पट्टा डांबरासारखा वितळून पुलीला चिकटला होता. जुन्या यंत्रांचा हा नेहमीचा आजार. नवा पट्टा टाकण्याआधी तो चिकटा पूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर वेग डळमळतो आणि गाणारा बेसूर वाटतो.

आता ज्या कंपनीमुळे हा सगळा खटाटोप, तिच्याबद्दल. ही कॅसेट फिलिप्सची. सुरुवात १८९१ साली नेदरलँड्समधल्या आइंटहोवन गावी, विजेचे दिवे करणारा कारखाना म्हणून. १९१४ मध्ये तिथे भौतिकी प्रयोगशाळा उघडली आणि गिलेस होल्स्ट तिचे पहिले प्रमुख झाले. हे गृहस्थ आधी कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत होते, जिथे १९११ मध्ये अतिवाहकता, म्हणजे वीज विनाअडथळा वाहण्याचा गुण, सापडली. एवढी थोर प्रयोगशाळा हाताशी असताना कॅसेट मात्र तिथे जन्मली नाही. ती जन्मली बेल्जियममधल्या हॅसेल्टच्या कारखान्यात, लू ओटेन्स नावाच्या अभियंत्याच्या हाताखाली.

ओटेन्सना मोठ्या रिळांच्या टेपरेकॉर्डरचा वैताग आला होता. त्यांनी आधी यंत्र आखलं नाही, कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा कापला आणि सांगितलं, रेकॉर्डर एवढाच व्हायला हवा. पुढे तो ठोकळा मोटारीचं चाक बदलताना जॅकखाली गेला आणि हरवला, असं सांगतात. उरलेलं काम म्हणजे काय काय कमी करायचं याचा हिशेब. टेपची रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टुडिओतल्या टेपच्या मानाने फारच मंद, त्यामुळे सुरुवातीला ती संगीतासाठी फारशी मानवलीच नाही, बोलणं टिपायला ठीक होती. १९६३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. पुढच्या सुधारणा बऱ्याचशा बाहेरून आल्या. खरखर कमी करणारी घरगुती डॉल्बी पद्धत १९६८ ची.

माझ्या मते यातला खरा शोध परवान्याचा. सोनीने घासाघीस करून रॉयल्टी माफ करवून घेतली आणि फिलिप्सने कॅसेट इतरांनाही फुकट करू दिली. अट एवढीच की ठरलेली मापं पाळायची. ग्रुंडिगने १९६५ मध्ये वेगळ्या मापाची कॅसेट आणली होती, ती टिकली नाही. आतोबांच्या डब्यात चार-पाच कंपन्यांच्या कॅसेटी आहेत आणि जिन्याखालच्या त्या डेकमध्ये सगळ्या मुकाट्याने बसल्या. मोबाइलच्या चार्जरच्या वेगवेगळ्या पिना आठवून बघा.

डेक दुरुस्त झाल्यावर घाई नको. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, चिकटलेले पदर सुटतात. आतली फोमची छोटी गादी निखळली असेल तर आवाज मंद येतो. अशा वेळी रिळं काढून दुसऱ्या रिकाम्या कवचात बसवावी लागतात. कवच स्क्रूचं असेल तर काम सोपं, चिकटवलेलं असेल तर कारागिरालाच द्या. आवाज दबका, रजईखालून आल्यासारखा वाटला तर हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू किंचित फिरवून कोन जुळवून घ्यायचा. प्रत्येक कॅसेटला तो थोडा वेगळा लागतो, कारण मूळ रेकॉर्डिंग वेगळ्या यंत्रावर झालेलं असतं. साठ मिनिटांच्या कॅसेटी दणकट असतात. एकशेवीसवाल्यांची टेप त्यांच्या निम्म्या जाडीची, जेमतेम ९ मायक्रॉन, ती एकदाच आणि सावकाश वाजवून लगेच उतरवून घ्या. उतरवताना हेडफोनच्या भोकातून मोबाइलमध्ये न घेता लाइन आउटमधून यूएसबी ऑडिओ कार्डाने संगणकात घ्या आणि मूळ प्रत वेव्ह फाइलमध्येच ठेवा. एमपीथ्री नंतर नातेवाइकांना वाटायला करा.

डेक कारागिराकडे असताना दोन ठिकाणं बघून झाली. पहिलं पिगडंबर, महूच्या रस्त्याला. तिथे लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. लताबाईंचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९. हा एका माणसाच्या ध्यासातून उभा राहिलेला संग्रह आहे, सरकारी वेळापत्रक नाही, म्हणून आधी फोन करूनच जा. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्या थप्प्या पाहिल्यावर अर्धा तास एका बाजूला टिपणारी कॅसेट लोकांनी का उचलून धरली ते न सांगता कळतं.

दुसरं ठिकाण राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. आतेभाऊ महाविद्यालयात शिकवतो, त्याच्या विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर जायला मिळालं. एकट्यादुकट्याने फाटकावर जाऊन उपयोग नाही. अणुऊर्जा विभागाची संस्था आहे, आधी पत्रव्यवहार आणि ओळखपत्रं लागतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराचे कार्यक्रम असतात का ते विचारून ठेवा. मुलं इंडस-२ हे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवणारं यंत्र बघून हरखली. १७२.५ मीटर परिघाचं कडं आणि त्यात अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेलेले इलेक्ट्रॉन. मी मात्र लेसरच्या विभागात रेंगाळलो.

कारण सीडी, ती लेसरनेच वाचली जाते. ही मात्र फिलिप्सच्या प्रयोगशाळेतून आली. तिथे १९६९ पासून प्रकाशाने वाचायच्या चित्रतबकडीवर (व्हिडिओ डिस्कवर) काम चाललं होतं. तिच्या सुरुवातीच्या यंत्रांत हीलियम-निऑनची काचेची नळी असायची, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तांबडा ठिपका पाडते तीच. ती नळी घरगुती प्लेअरमध्ये कुठे बसवणार? बोटाच्या पेराहून लहान अर्धवाहक (सेमीकंडक्टर) लेसर आला, ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा, तेव्हा सीडी शक्य झाली. ८ मार्च १९७९ ला आइंटहोवनमध्ये प्रात्यक्षिक झालं, मग सोनी सोबत आली, आणि १९८२ मध्ये १२ सेंटिमीटरची तबकडी बाजारात. मधलं भोक १५ मिलिमीटरचं, डच दहा सेंटच्या नाण्याएवढं. सीडीचं काम चालू असताना फिलिप्सच्या ध्वनी विभागाचे तांत्रिक प्रमुख पुन्हा ओटेन्सच होते. स्वतःच्या कॅसेटला कायमची सुट्टी द्यायला ते अजिबात कचरले नाहीत, हे मला फार आवडतं.

आतेभावाच्या मुंजीची सीडीही वाचत नव्हती. इथे लोक खालची चकचकीत बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने तारीख कोरतात. प्रत्यक्षात माहिती परावर्तित करणारा थर वरच्या छपाईच्या लगेच खाली असतो. खालच्या बाजूचे बारीक ओरखडे चूक-दुरुस्तीची गणिती रचना पचवते, सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंडसुद्धा भरून काढते. वरचा थर निघाला की संपलं. तेव्हा वर लिहायचंच तर मऊ टोकाच्या मार्करने, आणि घरी लिहिलेल्या सीडी उन्हात अजिबात नको.

खाण्याचं वेगळं सांगायला नको, सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफा. हिवाळ्यात गेलात तर गराडू (तळलेला कंद) चुकवू नका. सराफ्यात दहाच्या आधी पोचून फायदा नाही, सराफांच्या पेढ्या बंद झाल्यावरच खाण्याच्या गाड्या लागतात. जेल रोडला उलट, सकाळी अकरा-साडेअकराला जा, कारागीर तेव्हा मोकळे असतात. संध्याकाळी गर्दीत कोणी डेक उघडून बसत नाही. पट्टा मिळेल की नाही याची खात्री नसते, म्हणून जुना पट्टा, तुटका का होईना, पुडीत बांधून बरोबर ठेवा आणि डेकचा मॉडेल नंबर लिहून न्या. आत्याकडचा अर्धा खण अजून उतरवायचा आहे. एकशेवीसवाल्या आधी घेतल्या, बाकीच्या दिवाळीत.