श्वेडगॉन: आत जायचा दरवाजा शोधू नका

म्यानमारमध्ये यांगूनला उतरल्या दिवशीच घाई केली आणि भर दुपारी एक वाजता श्वेडगॉनला, तिथल्या मोठ्या बौद्ध स्तूपाला पोचलो. तिथे नुसत्या चपला नाही, मोजेसुद्धा पायथ्याशीच काढावे लागतात. वरच्या संगमरवरी फरशीवर दोन मिनिटांत मी टाचांवर नाचायला लागलो. दुसऱ्या दिवशी साडेचारला गेलो आणि दिवे लागेपर्यंत बसलो. तुम्ही पहिल्यांदाच तसं करा. चपलांसाठी पिशवी न्या; ज्या जिन्यानं चढाल त्यानंच उतराल याची खात्री नाही, चारही दिशांना जिने आहेत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. परदेशी पाहुण्यांना तिकीट वेगळं. डॉलर नेणार असाल तर घडी न पडलेल्या, कोऱ्या नोटा न्या.

स्तूप भरीव आहे. तपुस्स आणि भल्लिक या व्यापारी भावांनी आणलेले बुद्धांचे आठ केस आत आहेत, अशी श्रद्धा. आपण फिरायचं ते भोवतीनं, प्रदक्षिणेच्या दिशेनं.

मग मान वर करून खालून वर बघत जा. चढत्या थरांवर घंटेचा आकार, त्यावर भिक्षूचं पालथं भिक्षापात्र, कमळाच्या पाकळ्या, मग केळफूल (हो, आपण भाजी करतो तेच) आणि शेंड्याला छत्र, ज्याला तिथे ‘टी’ म्हणतात. सांचीच्या स्तूपावर असते ती हर्मिका, म्हणजे घुमटाच्या माथ्यावरचा चौकोनी कठडा, इथे नाही, त्यामुळे नजर कुठे न अडता टोकापर्यंत जाते. 1768 च्या भूकंपात शेंडा कोसळला, तेव्हा राजा सिनब्युशिननं उंची वाढवून सुमारे 99 मीटर केली. आजचं छत्र 1999 चं. त्याआधीचं 1871 मध्ये मिंडॉन राजानं पाठवलं होतं. यांगून इंग्रजांच्या ताब्यात, म्हणून त्याला स्वतःला येता आलं नाही. आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत राहिलेल्या थिबा राजाचा हा बाप.

निघण्याआधी स्वतःचा जन्मवार बघून ठेवा. भोवती वारांची आठ स्थानं आहेत, कारण बुधवारचे दोन भाग: सकाळचा सुळेवाला हत्ती, दुपारनंतरचा बिनसुळ्यांचा, राहूचा. मी नेमका बुधवारचा. तिथूनच आईला फोन लावला.

“जेवणं उरकली होती रे,” ती म्हणाली.

वायव्येला गेलो आणि राहूच्या मूर्तीवर पाणी घातलं.