नमलॉकचा दिवा

शुक्रवार, रात्री

उद्या पगार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याचा सगळा हिशोब ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर, आणि आज सकाळी तोच अडून बसला. काल दिवसभर लाईट नव्हती. उबुंटू (आमचा कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) सुरू होताना कुलूपबंद डिस्कचा पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, विचारतं. तीनदा टाकला, तिन्हीदा चूक. चार वर्षं रोज टाकतेय. तरी वाटलं, आपणच विसरलो. हातापायाला कापरं भरलं.

फोनवर एकानं सांगितलं, फॉरमॅट मारा. मी साफ नाही म्हटलं. डिस्कला हे कुलूप लावतं ते लक्स. त्यात कुलपाच्या किल्ल्यांची माहिती डिस्कच्या सुरुवातीला, हेडरमध्ये असते. ती गेली की पासफ्रेज तोंडपाठ असून उपयोग नाही.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू, म्हणजे डिस्कवर न बसवता थेट चालणारं, चालू केलं. क्रिप्टसेटअपची लक्सडम्प ही हेडर दाखवणारी कमांड चालवली, हेडर शाबूत दिसलं. मग पासफ्रेज एका कोऱ्या फाइलीत डोळ्यांसमोर टाइप करून पाहिला (सेव्ह केला नाही, अर्थात). अक्षरं उमटली. पुढचे सहा आकडे उमटेचनात, कर्सरच इकडून तिकडे पळतोय! कीबोर्डकडे बघितलं तर नमलॉकचा दिवा बंद.

हिशोबाचा हात, त्यामुळे आकडे मी कायम उजवीकडच्या पॅडवरूनच मारते. नमलॉक बंद असलं की तिथला ४ म्हणजे डावा बाण, ७ म्हणजे होम. पासफ्रेजच्या चौकटीत अक्षरं दिसत नाहीत, मग कळणार कसं? बटण दाबलं, दिवा लागला, त्याच पासफ्रेजनं डिस्क उघडली. खुर्चीत मागे टेकून दोन मिनिटं नुसती बसले.

दिवा बंद का झाला, तेही सापडलं. बायोसमधली, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंग्जमधली, तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. मदरबोर्डवरचा सेल संपलेला, काल वीज गेली तशा सेटिंग्जही गेल्या, त्यात नमलॉकचीही. सीआर २०३२ नवा घातला, सेटिंग परत लावली.

मग जे चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं ते केलं. हेडरचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवला. लक्स २ मध्ये किल्ल्यांसाठी ३२ जागा असतात. दुसऱ्या जागेत मालकांचा पासफ्रेज टाकला, तो सगळा अक्षरांचाच. शंभरावर कामगारांचा पगार माझ्या एकटीच्या डोक्यावर ठेवणं बरं नव्हतं.

साडेसहाला शेवटची स्लिप छापून झाली. सुटी झाल्यावर कांड्या भरणाऱ्या मावशींनी दारातून विचारलं, "अक्का, उद्या पगार हाय न्हवं?"

"आहे मावशी," म्हटलं.